बैलगाडीच्या धावेपासून मालमोटारीच्या पाट्यापर्यंत

ज्ञातीचा इतिहास म्हटला की मंदिरे, दानशूर गृहस्थ आणि संस्थेचे पदाधिकारी यांचेच स्मरण होते. परंतु ज्या भात्यावर व ऐरणीवर आपल्या लोहार-सुतार घराण्यांचा प्रपंच चालला, त्यांची हकीकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून घरच्या पडवीत चालणाऱ्या मालमोटार-दुरुस्तीविषयी यंदा चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. पेण-उरणकडील भात व मीठ पूर्वी बैलगाडीने बंदरावर जाई आणि तेथून गलबताने मुंबईस रवाना होई. गाडीचे चाक सुताराने करावे व त्यावर लोखंडी धाव लोहाराने चढवावी, अशी कामाची वाटणी असे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवीत. तापून ती फुगली की चाकावर बसवीत व लगेच पाणी ओतीत. मग ती आकसून चाकास घट्ट आवळी. पदार्थविज्ञानाचा हा धडा आम्ही शाळेत मुलांना पुस्तकातून शिकविला. आमच्या आजोबांस तो हातांनी ठाऊक होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या मालमोटारी विक्रीस निघाल्या. पुढे १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीतील डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी तयार करण्यास आरंभ केला. मुंबई-गोवा रस्त्यावर त्यांची वर्दळ वाढली, तसतशी धावा चढविण्याची कामे घटत गेली. तेव्हा आमच्या ज्येष्ठ चुलत्यांनी एक जुनी मालमोटार विकत घेतली आणि तीर्थरूपांनी तिच्या दुरुस्तीसाठी घरचीच लोहारशाळा मोकळी करून दिली.

मालमोटारीचा सारा भार कमानींवर असतो. कमान म्हणजे एकाखाली एक रचलेल्या पोलादी पाट्यांची जुडी. खड्डे आणि अतिभार यांमुळे पाटे बसतात. यू-बोल्ट ढिले राहिल्यास मधल्या भोकापाशी तडकतात. मिठाची वाहतूक असेल तर गंजही लवकर चढतो. बसलेला पाटा भट्टीत लाल करून तीर्थरूप त्यास ऐरणीवर पुन्हा बाक देत. नंतर तो तेलात विझवून, त्याचा ठिसूळपणा जावा म्हणून, पुन्हा बेताने तापवीत. यासच आपल्याकडे ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी अधिक झाले तर पाटा काचेसारखा तुटतो, कमी झाले तर पुन्हा बसतो. ताव ओळखावयाचा तो केवळ रंगावरून.

या कौशल्याचा अभिमान आम्हांस आहेच. परंतु एक प्रसंग सांगितल्यावाचून हा इतिहास खरा होणार नाही. आम्ही शाळेत शिकत असताना एके सायंकाळी गाडीचा मुख्य पाटा तडकलेला आढळला. नवा पाटा मुंबईहून आणावयास दोन दिवस लागणार होते आणि मिठाची खेप पहाटेच निघावयाची होती. “एवढ्या खेपेपुरता जोड मार रे,” असे चुलते म्हणाले. तडकलेल्या पाट्यास जोड मारला तर त्या आचेने जोडाभोवतीचे पाणी उतरते आणि जोडाची जागा ठिसूळ होते, हे तीर्थरूप जाणून होते. तरीही थोरल्या भावाचा शब्द त्यांच्याने मोडवला नाही. कर्नाळ्याच्या खिंडीत पाटा दुभंगला, आस सरकला आणि गाडी दरडीवर आदळली. चुलते वाचले, परंतु त्यांचा उजवा पाय जन्माचा अधू झाला.

चुलत्यांनी भावास कधी दोष दिला नाही. तीर्थरूपांनी मात्र स्वतःस क्षमा केली नाही. त्यानंतर कोणी कितीही पैसे देऊ केले, तरी तडकलेला पाटा त्यांनी जोडला नाही. “जे नीट होणार नाही, ते होणार नाही असे सांगणे हाही कारागिराचा धर्मच,” असे ते आम्हांस सांगत.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि उरणच्या वाटेवर कंटेनर वाहणाऱ्या मोठमोठ्या गाड्या धावू लागल्या. एप्रिल २०२० पासून तर भारत स्टेज सहाची इंजिने सक्तीची झाली. त्यांचा दोष शोधावयास संगणक लागतो. तेथे पडवीतल्या मिस्त्रीचा निरुपाय होतो. तथापि पाटे, बुश, ब्रेक व ग्रीस यांची निगा अजून हातांनीच राखावी लागते.

आपल्या तरुणांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन नवी विद्या अवश्य संपादन करावी. त्याबरोबरच घरातील वृद्धांस विचारून, कोणते काम कसे करीत आणि कोणते काम का नाकारीत, हे वहीत उतरून ठेवावे. आमच्या घरचा भाता आता थंड आहे. त्याच्याजवळ शिकलेली ही गोष्ट मात्र पुढील पिढीच्या स्वाधीन करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.