चांदी ज्यांना शिवत नाही

खिडकी ओढून घ्या. बाहेर 1888 सालची बार्सिलोना आहे, जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीनं फुललेली. तुम्ही नोटारियात गल्लीतल्या एका घरात उभे आहात. टेबलावर बरण्या, वस्तरा, सूक्ष्मदर्शक. खुर्चीत छत्तिशीतले प्राध्यापक सान्तियागो रामोन इ काहाल, बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळवंडलेली. त्यांना तुम्ही दिसत नाही, तेव्हा खुशाल खांद्यावरून डोकवा.

बरणीत पक्ष्याच्या लहान मेंदूचा तुकडा आहे. आधी तो पोटॅशियम डायक्रोमेट आणि ऑस्मिक आम्लात मुरला, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. मूळ युक्ती कामिल्लो गॉल्जींची. 1873 मध्ये इटलीतल्या अब्बियातेग्रास्सोच्या रुग्णालयात, स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत त्यांना ती सापडली. चांदी फार थोड्या पेशींना धरते, पण जिला धरते तिला शेंड्यापर्यंत काळी करते. सगळ्याच रंगल्या असत्या तर तुम्हाला नुसता डाग दिसला असता. काहाल तुकडा त्याच द्रावणांतून दुसऱ्यांदा फिरवतात, आणि प्रौढ मेंदूऐवजी गर्भातला किंवा नुकत्या जन्मलेल्या जिवाचा घेतात. तंतूंवर एकदा मेदाचं वेष्टण चढलं की चांदी आत शिरत नाही. त्याआधी गाठावं लागतं.

आता डोळा लावा. पिवळसर पारदर्शक पार्श्वभूमीवर एकच काळी आकृती: पुर्किन्ये पेशी. वहीत जपलेल्या, जाळी पडलेल्या पिंपळपानासारखी. उपमा नुसती शोभेची नाही, ही पेशी खरंच पानासारखी सपाट असते. काप आडवा गेला तर तिची जेमतेम एक कड दिसते. फांद्यांवर बारीक काटे आहेत. पुढे कित्येक जण हे काटे म्हणजे चांदीचा साका म्हणून झटकून टाकणार आहेत. काहाल मात्र ते काढत बसले आहेत, एकेक. आता खाली, पेशीच्या बुडाशी या. दुसऱ्या पेशींचे तंतू तिथे टोपलीसारखे वेढे घालून थांबले आहेत. टेकले आहेत, मिसळलेले नाहीत.

एवढंच पाहायला आपण आलो. मेंदू म्हणजे एकसंध जाळं, असं गॉल्जींसह बहुतेकांचं मत. काहालांना दिसतात सुट्या पेशी, एकमेकींना भिडलेल्या. मधली फट मात्र त्यांनाही दिसत नाही. ती सुमारे 20 नॅनोमीटरची, आणि तिच्यासाठी 1950 च्या दशकातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागेल.

दोनतीन वर्षं पुढे सरका. काचपट्ट्या बदलल्या आहेत. डोळ्याच्या पडद्यातली पेशी दोन टोकांची: एकीकडून घेते, दुसरीकडे देते. पाठीच्या कण्यालगतच्या गाठींतली संवेदी पेशी गोल, तिला एकच देठ. तो दुभंगून एक शाखा कातडीकडे जाते, दुसरी मज्जारज्जूकडे. मज्जारज्जूतल्या प्रेरक पेशीला फांद्याच फांद्या आणि एक लांब अक्षतंतू. तुमच्या कमरेत बसलेल्या अशा पेशीचा तंतू तळपायाच्या स्नायूपर्यंत पोचतो, म्हणजे जवळपास मीटरभर. या दोन्हींच्या मध्ये जोडणाऱ्या पेशींची प्रचंड गर्दी. आकारांवरूनच काहालांनी वाहतुकीची दिशा ताडली: संदेश फांद्यांतून येतो, अक्षतंतूतून जातो. गॉल्जींच्या लेखी फांद्यांचं काम पेशीला पोसणं. चित्र एकच, वाचणारे दोघे.

स्टॉकहोममध्ये, डिसेंबर 1906 मध्ये, फार वेळ काढू नका. नोबेल दोघांना विभागून मिळालं आहे. गॉल्जी व्याख्यानात सहविजेत्याच्याच सिद्धान्ताची चिरफाड करतात, दुसऱ्या दिवशी काहाल बोलतात. प्रसंग नाट्यमय म्हणून सगळेच सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते दोघांच्याही चित्रांत कडेला राहून गेलेलं: काळ्या झाडांच्या मधली जागा. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्चोंनी 1856 मध्ये तिला चेतापेशींना धरून ठेवणारा गोंद, म्हणजे ‘ग्लिया’, ठरवलं, आणि गोंदाकडे कोण निरखून पाहतं?

माद्रिद, 1919. सत्तरीला टेकलेल्या काहालांनी सहा वर्षांपूर्वी सोन्याच्या क्षारानं त्या मधल्या जागेतल्या तारकापेशी उजळवल्या. त्यांचे पाय केशवाहिन्यांना बिलगलेले तुम्हाला स्पष्ट दिसतील. रक्त आणि मेंदू यांच्या मधली सीमा राखायला त्या हातभार लावतात, आणि चेतापेशींनी बाहेर टाकलेलं पोटॅशियम आणि उरलेलं ग्लुटामेट उचलतात. ते साचलं तर चेतापेशी मरतात. तरी काही पेशी सोन्यालाही दाद देत नव्हत्या. काहालांनी त्यांची मोट बांधून ‘तिसरा घटक’ म्हणून ठेवून दिली.

पलीकडच्या टेबलावर पीओ देल रिओ-ओर्तेगा सिल्व्हर कार्बोनेट घेऊन बसले आहेत. त्यांच्या काचेवर त्या मोटेतून दोन वेगळ्या जाती सुटतात. एक सूक्ष्मग्लिया: शांत मेंदूत काटेरी फांद्यांची, पण इजा झाली की फांद्या आत ओढून गोळा होते, सरकत जाते, मेलेलं गिळते. दुसरी फांद्या कमी असलेली. तिची एकेक फांदी वेगळ्या अक्षतंतूला गुंडाळते आणि मायलिनचं वेष्टण चढवते, एक पेशी कितीतरी तंतूंवर. वेष्टणाच्या दोन तुकड्यांमध्ये उघडी खाच राहते. संदेश खाचेवरून खाचेवर उडी घेतो, म्हणून सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेग गाठू शकतो. काहालांना हे सहजी पटलं नाही. 1920 मध्ये त्यांनी रिओ-ओर्तेगांना प्रयोगशाळेबाहेर काढलं. गॉल्जींचा हट्ट सोसलेल्या माणसानं हे करावं, याचं वाईट वाटतं.

शेवटची उडी लांबची. आनंदवन, वरोऱ्याजवळ, 1950 चं दशक. बाबा आमटे कुष्ठरुग्णांसोबत माळरानावर विहिरी खणताहेत. समोरच्या माणसाच्या कोपराच्या आतल्या हाडामागे बोट ठेवा: नस दोरीसारखी जाड लागते. हातापायांच्या नसांत मायलिन चढवण्याचं काम श्वान पेशींकडे असतं, आणि कुष्ठाचा जंतू नेमका त्यांच्यातच घर करतो. हान्सेन यांनी तो नॉर्वेत पाहिला तोही 1873 मध्येच, गॉल्जींच्या काळ्या रंगाच्या वर्षी. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून कातडीलगतच्या नसा आधी जातात. मग करंगळी वाकते, अनामिका वाकते. कापसाचं टोक तळहाताच्या कडेला लावून विचारलं, “कुठं लागलं?” तर उत्तर येत नाही. मेंदूत बिघाड नाही. वाटेतल्या राखणदार पेशी पडल्यावर त्यांच्या आतले तंतूही सुकले.

सल्फोनच्या गोळ्या आल्या आहेत, त्या जंतूला रोखतात. पण उशीर झाला असेल तर गेलेली जाण बहुधा परतत नाही. म्हणून या माणसाला रोज संध्याकाळी हात उलटेपालटे करून बघावे लागतील: कुदळीनं कुठे फोड आणला का, चुलीवरच्या भांड्यानं कुठे भाजलं का.