शिरोळची माता आणि मानसमित्र

गुरुचरित्राच्या विसाव्या व एकविसाव्या अध्यायांत शिरोळ ग्रामातील एका स्त्रीची कथा आली आहे. गंगाधर नावाच्या ब्राह्मणाची ती पत्नी. तिची पाच मुले जन्मून गेली. पूर्वजन्मी बुडविलेल्या द्रव्यामुळे एक ब्राह्मण पिशाच्च होऊन तिच्या मुलांस छळतो, असे तिला सांगण्यात आले. तिने कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबरातळी मासभर सेवा केली आणि पुढे तिला दोन पुत्र झाले. त्यांतील थोरला मात्र चौलाच्या सुमारास धनुर्वाताने दगावला. आता ती माता प्रेत सोडीना. गावकऱ्यांनी समजाविले, रागे भरले, पण व्यर्थ. तेवढ्यात एक ब्रह्मचारी आला. त्याने तिला पुष्कळ ज्ञान सांगितले. तिला ते पटले नाही, तेव्हा त्याने प्रेत हिसकावून घेतले नाही. जेथे वर मिळाला तेथेच जाऊन गाऱ्हाणे घाल, एवढेच तो म्हणाला. पुढे रात्री औदुंबरापाशी मूल जिवंत झाल्याचे सरस्वती गंगाधर सांगतो.

चमत्कार श्रद्धावानांकडे ठेवू. परंतु शोकाने भान हरपलेल्या बाईजवळ बसणारा, तिच्यावर कोणताही अधिकार नसलेला एक माणूस या कथेत आहे, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

तो संगम म्हणजेच शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी, लोकांच्या तोंडची नरसोबाची वाडी. बाधा झाली असे मानलेली माणसे येथे आणि गाणगापुरास आणण्याची रूढी जुनी आहे. तीत निव्वळ अज्ञान पाहणे अन्यायाचे होईल. वेडा म्हणून ज्याला गावात कोणी दारात उभे करीत नाही, त्याला क्षेत्राच्या ठिकाणी निदान प्रसादाच्या पंगतीत बसता येते, आणि त्याची आईही चारचौघांत रडू शकते. औषध मात्र तेथे नसते. आणि देवाच्या नावावर मांत्रिकाने उचललेला चाबूकही पुष्कळांच्या वाट्यास आलेला आहे.

सरकारने काढलेला मार्ग निराळा होता. रत्नागिरीचे वेड्यांचे इस्पितळ १८८६ साली निघाले. १९१२ च्या कायद्याने अशा रुग्णास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने दाखल करण्याची रीत घालून दिली, आणि आजाऱ्याच्या पायी कोर्टाची पायरी आली. त्याच कायद्यात एक चांगली तरतूद होती, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. प्रत्येक इस्पितळावर निदान तीन अभ्यागत नेमावयाचे, त्यांत एक तरी वैद्यकीय अधिकारी असावयाचा, आणि त्यांपैकी काहींनी दरमहा सर्व इमारत पाहून शेरा लिहावयाचा. बाहेरच्या माणसाची नजर भिंतीच्या आत जावी हा हेतू स्तुत्य होता. पण अभ्यागत पाहणी करून जाई. रुग्ण घरी परतल्यावर त्याच्याशी कोण बोलणार, हा प्रश्न त्याच्या वहीत बसत नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेत एका रुग्णानेच हाती घेतला. क्लिफर्ड बीअर्स हा इस्पितळांतून मार खाऊन, कोंडून घेऊन बाहेर पडला आणि १९०८ साली त्याने आपली कहाणी छापली. पुढच्याच वर्षी त्याच्या खटपटीने मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी राहिली. स्वतः भोगलेल्याने इतरांचा वकील व्हावे, ही परंपरा तेथून रुजली. मराठी माणसांत तिचे ठळक उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचे. धुळ्याकडचे हे संख्याशास्त्रज्ञ कॅनडात कॅलगरीस प्राध्यापक होते. पत्नीस स्किझोफ्रेनिया जडला. ही गोष्ट झाकून ठेवण्याऐवजी त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. रुग्णांचे आप्त तेथे एकत्र बसून एकमेकांना आधार देऊ लागले. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकाराचे फळ.

तरीही पुण्याची सभा शिरोळच्या शेतकऱ्यास दूरच. खेड्यापर्यंत पोहोचण्याची योजना साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेने आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अंगावर घेतली. त्यांच्या स्वयंसेवकांस ‘मानसमित्र’ हे सुरेख नाव आहे. मानसमित्र डॉक्टर नव्हे. ऐकून घेणे, घाबरलेल्याला भावनिक प्रथमोपचार देणे, आजार ओळखून योग्य उपचाराकडे नेणे, एवढे त्याचे काम. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी, आधी वटहुकुमाच्या रूपाने, अमलात आला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे आता गुन्हे आहेत.

कायदा चाबूक थांबवू शकतो. रुग्णाला दवाखान्यात पोहोचवीत नाही. तमिळनाडूतील एरवाडीस दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका आश्रमास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेली २८ माणसे होरपळून मेली. श्रद्धेची जागा मोडून हे थांबेल काय? गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर मुजावरांनाच आजाराची लक्षणे शिकवून, दुआ मागावयास आलेल्यास शेजारीच औषध मिळेल अशी सोय केली गेली. ‘दवा-दुआ’ हे तिचे नाव. मानसमित्रासही घरातल्या देव्हाऱ्याशी भांडून भागत नाही. अंगारा लावा, पण उद्या माझ्याबरोबर कोल्हापूरला चला, असे म्हणण्याची हातोटी त्याला साधावी लागते. शिरोळहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे एक रोज बुडतो, शिवाय गाडीभाडे. गोळ्यांनी झोप लागू लागली की पुढच्या महिन्यात जाण्याचे कारण कोणाला उरत नाही, आणि आजार उलटतो. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या खेपेची आठवण करून देणारा माणूस पहिल्या खेपेस नेणाऱ्याइतकाच मोलाचा ठरतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळी घालण्यास मनाई केली आणि उपचार हा हक्क ठरविला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला. एरवी पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडणारे ते पाणी वाडीचे भाविक पर्वणी मानून अंगावर घेतात. त्या वर्षी त्याच पाण्याने शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे उठविली. पाणी ओसरल्यावर पडक्या भिंतींचे, पिकांचे, मेलेल्या जनावरांचे पंचनामे झाले. रात्री पावसाचा आवाज आला की दचकून उठणाऱ्या म्हातारीसाठी त्या कागदावर रकाना नव्हता. तिच्या खाटेशेजारी जाऊन बसावे लागते, आणि २०२१ साली पाणी पुन्हा आले तेव्हा पुन्हा जावे लागते.