‘दारव्ह्यात’ : एका जोडाक्षराची भ्रमणध्वनीवरील वाटचाल

नवा भ्रमणध्वनी कोणता घ्यावा, असे आमच्या गावी कोणी विचारले की आम्ही दुकानातला संच हातात घेऊन त्यावर एकच शब्द टंकून पाहतो : ‘दारव्ह्यात’. वाचताना चार अक्षरे; पण यंत्राच्या हिशेबी दहा चिन्हे. द, काना, र, व, हलन्त, ह, हलन्त, य, काना, त. तिसऱ्या अक्षरात तीन व्यंजने एकमेकांत बसवावी लागतात, आणि ती नीट बसली नाहीत तर गावाचे नाव फुटक्या बांगडीसारखे दिसते. आज ही परीक्षा कोणताही संच सहज उत्तीर्ण होतो आणि दुकानदार आमच्याकडे जरा दयेनेच पाहतो. तरी सवय सुटलेली नाही.

सुरक्षितता, मनाजोगती रचना करण्याची मुभा आणि वापरातील सुलभता या तीन कसोट्यांवर अँड्रॉइड बरे की आयफोन, हा वाद आपल्याकडे इंग्रजीतून आला. भ्रमणध्वनीला वापरणाऱ्याची लिपी येतेच, हे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते. आमच्या बाबतीत हे गृहीतक बरीच वर्षे खोटे होते. त्या वर्षांचा इतिहास आठवला, की या तिन्ही कसोट्या वेगळ्या दिसू लागतात. येथे तो थोडा उलगडावा असे वाटते.

आधी थोडे विषयांतर. या कार्यप्रणालींना ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. दारव्ह्याच्या माणसाला प्लॅटफॉर्म म्हटले की मोतीबाग स्थानकाचा फलाट आठवतो आणि त्यावर येणारी ‘शकुंतला’. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद मार्गाची गाडी वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी एका खासगी ब्रिटिश कंपनीने घातली. रुळांमधले अंतर अडीच फूट. त्यामुळे मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्ग गाठला तरी डबा पुढे जात नसे. गाठी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागत. स्वातंत्र्यानंतर गाडी मध्य रेल्वेने चालवली, पण मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. आता ती गाडी धावत नाही. मात्र रूळ दुसऱ्याच्या मालकीचे असले आणि मापही त्यानेच ठरवले, की आपल्या मालाची चढउतार आपल्यालाच करावी लागते, हे या गावाला कोणी भ्रमणध्वनीच्या निमित्ताने शिकवण्याची गरज नव्हती.

लिपीची चढउतार सुरू झाली ती लघुसंदेशापासून. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरी युनिकोडमध्ये ७०. येथे अक्षर म्हणजे आपले अक्षर नव्हे, वर मोजलेली चिन्हे. म्हणजे ‘दारव्ह्यात’ एवढे लिहिले की सातवा हिस्सा संपला. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठी लघुसंदेशातून पुरवण्यास आरंभ केला. २००८ च्या अखेरीस नोकियाने ‘लाइफ टूल्स’ या सेवेची पहिली चाचणीही महाराष्ट्रातच घेतली आणि त्यात राज्याचे कृषी पणन मंडळ सहभागी होते. या सेवांनी शेतकऱ्याचा किती लाभ झाला, हा वेगळा प्रश्न आहे. फाफशाँ आणि मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत रॉयटर्सच्या सेवेची पाहणी केली. त्यांच्या २०१२ च्या निबंधानुसार शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर सरासरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही. आम्हांस मात्र त्या संदेशांचे मोल निराळ्या कारणासाठी वाटते. भाव इंग्रजीतून न कळवता मराठीत कळवावा, असे कोणा बड्या कंपनीला वाटले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

अडचण संचांची होती. देवनागरी येणारे संच हिंदीसाठी घडवलेले असत. हिंदीच्या कळफलकावर ‘ळ’ शोधावा लागे आणि ‘ऱ’ बहुधा नसेच. परिणामी ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होई. वाचकांपैकी ज्यांनी त्या काळी मराठी संकेतस्थळांवर लेखन केले, त्यांना या ‘ऱ्य’वरून झडलेल्या चर्चा आठवत असतील. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. ‘ॲप’ हा शब्द त्याआधी सरळ लिहिण्याची सोयच नव्हती. योगायोग असा की त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड संच विक्रीस आला आणि आयफोन भारतात पोहोचला.

त्या सुमारास साध्या संचावर मराठी वाचायचे तर एक क्लृप्ती होती. ‘ऑपेरा मिनी’ या न्याहाळकात पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ असे टंकले की एक गुप्तसे पान उघडे. तेथे क्लिष्ट लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय निवडला की चौकोनी डब्यांच्या जागी शुद्ध मराठी अवतरे. आम्हीही ती वापरली, इतरांना शिकवली आणि तो चमत्कार समजून हरखून गेलो. आपण उघडलेले प्रत्येक पान आधी त्या कंपनीच्या दूरच्या यंत्रावर जाते, तेथे त्याचे चित्र बनते आणि मग ते आपल्याकडे येते, याचा अर्थ काय, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. आपल्या लिपीत वाचता येण्याची ती किंमत होती. ती आम्ही न मोजता दिली.

आता त्या प्रसिद्ध स्पर्धेकडे येऊ. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर देवनागरी धड दिसत नसे. जोडाक्षरांसह तिचा पुरता स्वीकार झाला तो २०११ मधील ४.० या आवृत्तीत. पण अँड्रॉइडने एक दार लवकर उघडले होते. २००९ च्या १.५ या आवृत्तीपासून कोणीही स्वतःचा कळफलक रचून त्यात बसवू शकत होता. त्या दारातून आमची भाषा आत आली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ दिले. व्यंजनावर बोट ठेवावे, भोवती बाराखडीचे चक्र उमलावे आणि हव्या त्या स्वराकडे बोट सरकवावे, ही त्यामागची कल्पना. तक्त्यावर बाराखडी गिरवलेल्या माणसाच्या डोक्यातली मांडणीच त्यांनी पडद्यावर आणली. कळफलक मराठी माणसाने घडवला म्हणजे काय होते, हे त्यात दिसले. त्याच संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडवर आधारित ‘इंडस ओएस’ ही प्रणाली उभारली आणि २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या संचावर आली. पुढे ती कार्यप्रणाली म्हणून टिकली नाही, पण तिची अशी उभारणी शक्य झाली ती अँड्रॉइडच्या मोकळेपणामुळेच.

आयफोनने ते दार २०१४ पर्यंत बंद ठेवले. आयओएस ८ मध्ये मराठीचा कळफलक आणि परक्या कळफलकांना परवानगी एकदमच आली. तोवर हिंदीच्या कळफलकावर भागवायचे. त्याच वर्षी अँड्रॉइड ५.० ची सगळी मांडणीच मराठीत उपलब्ध झाली. आयफोनची मांडणी मराठीत येण्यास २०२५ उजाडले. अकरा वर्षांचे हे अंतर तौलनिक लेखांच्या तक्त्यांत आम्हांस कोठे आढळलेले नाही. ‘वापरण्यास सर्वांत सोपा’ असा ज्याचा लौकिक, तो आमच्या आजीला वापरता यावा म्हणून आजीने इंग्रजी शिकावे अशी अपेक्षा असेल, तर तो लौकिक कोणाच्या साक्षीवर उभा आहे, हे विचारलेच पाहिजे.

असो. आता दुसरी बाजू, कारण आम्हांस अँड्रॉइडची वकिली करायची नाही. परका कळफलक बसवणे म्हणजे आपण टंकलेले सारे पाहू शकणारा माणूस घरात ठेवणे. आयफोनने २०१४ मध्ये परक्या कळफलकास घरात घेतले, पण संकेतशब्दाच्या रकान्यापाशी तो त्याला बाजूला सारून स्वतःचाच पुढे करतो. ही सावधगिरी अँड्रॉइडने तशी पाळलेली नाही. आयुष्यमानाचे अंतरही मोठे आहे. २०१३ च्या ‘आयफोन ५एस’ला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती मिळाली, आमच्याकडे खपणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड संचांना दोन-तीन वर्षे मिळाली तरी पुष्कळ. आयफोन अभेद्य आहे असेही नव्हे. २०२१ च्या ‘पेगासस’ प्रकरणात तपासलेल्या संचांत आयफोनही होते. पण तसल्या पाळतीचे लक्ष्य दारव्ह्याचा कास्तकार नसतो. त्याच्यासाठी चोर लग्नपत्रिका घेऊन येतो.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती किंवा पीएम किसानची यादी येते. ती उघडली की प्रत्यक्षात एक ॲप बसते, लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवते. २०२४ पासून अशा फसवणुकींविषयी पोलिसांचे इशारे वारंवार आले आहेत. अधिकृत दुकानाबाहेरचे ॲप भारतात आयफोनवर असे बसत नाही. अँड्रॉइडवर बसते, कारण तेथे ते दार मुळातच ठेवलेले आहे. २०१७ च्या ८.० या आवृत्तीपासून अशा प्रत्येक मार्गासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते आणि पडद्यावर इशाराही येतो. आमच्या शेजारचे एक काका असाच इशारा घेऊन आमच्याकडे आले होते. ‘भाऊ, हे काय म्हनते?’ पडदा मराठीत होता. ‘अज्ञात’, ‘स्रोत’, ‘ॲक्सेस’ हे शब्दही देवनागरीत, जोडाक्षरांसह निर्दोष उमटलेले होते. काकांना त्यातले अक्षरन्‌अक्षर वाचता येत होते आणि अर्थ काही लागत नव्हता. ‘ओळखपाळख नसलेल्याचे ॲप आत घेता का?’ असे विचारले असते तर त्यांनी तेथेच नाही म्हटले असते. सुलभता आणि सुरक्षितता हे दोन वेगळे रकाने आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी तो पडदा पाहावा.

आणि संच वापरणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली; बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद स्वतः करायची. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी आवश्यक केली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. तो मिळवण्याची वाट पडद्यावरून जात होती. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की २०२६ पासून टप्प्याटप्प्याने, दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपच्या कर्त्यालाही ओळख पटवून द्यावी लागेल. मुक्त प्रणालीचे पुरस्कर्ते त्याने अस्वस्थ झाले, आणि त्यांची बाजू आम्हांस कळते. ‘स्वरचक्र’ ज्या हवेत वाढले ती हवा त्यांना राखायची आहे. तरी काकांचा संच हातात असताना आमचा कल दाराला कडी लावण्याकडेच झुकतो, हे कबूल केले पाहिजे.

काकांच्या संचातली ती परवानगी आम्ही बंद केली. नंतर त्यांनी ‘कपास किसान’ उतरवून मागितले. शोधपट्टीत नाव लिहिल्यावर दिसलेल्या ॲपांतले खरे कोणते, हे ठरवण्यासाठी कर्त्याचे नाव वाचायचे होते, आणि ते इंग्रजीत होते.