मल्लांची माती आणि मुखदूषिका

व्यायामानें शरीर कसतें, भूक लागते, झोंप गाढ येते आणि कांतीस तेज चढतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांतून याच्या उलट तक्रार ऐकूं येते. तिशी-चाळिशी उलटलेले एखादे गृहस्थ, किंवा दोन मुलांची आई असलेल्या एखाद्या बाई, डॉक्टरांच्या सल्ल्यानें वजनें उचलण्याचा व्यायाम सुरू करितात. दंड व खांदे भरूं लागतात, आणि त्याच सुमारास हनुवटीवर, पाठीवर व खांद्यांवर पुटकुळ्यांचें पीक येतें. सोळाव्या वर्षीं येऊन गेलेल्या तारुण्यपीटिका चाळिसाव्या वर्षीं पुन्हा दारांत उभ्या राहिलेल्या पाहून मनुष्य ओशाळतो. घरांतील वडील माणसें म्हणतात, "अंगांत उष्णता वाढली, तो लोखंडाचा नाद सोडा." बहुतेक वेळां तो नाद सुटतो. पुटकुळ्या जातात न जातात, व्यायाम मात्र कायमचा जातो. हा सौदा आम्हांस फार तोट्याचा वाटतो. म्हणून व्यायाम आणि त्वचा यांचा संबंध पूर्वींच्या लोकांनीं कसा ओळखला होता, व त्यांतील काय आपण टाकून दिलें, याचा थोडा इतिहास येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्राचीन ग्रीक लोकांत व्यायामशाळा हें नागरिक घडविण्याचें एक मुख्य स्थान होतें. तेथें व्यायामापूर्वीं अंगास ऑलिव्हचें तेल चोळीत, त्यावर बारीक धूळ टाकीत, आणि कुस्ती संपली म्हणजे तेल, घाम व धूळ यांचा जो थर अंगावर बसे तो धातूच्या वांकड्या पट्टीनें खरडून काढून मग स्नान करीत. लिसिपस या शिल्पकारानें इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत असा अंग खरडणारा मल्ल घडविला होता. त्या पुतळ्याची रोमन प्रतिकृति आजही व्हॅटिकनच्या संग्रहांत आहे. मौज अशी कीं, हा खरडलेला मळ फुकट जात नसे. तो औषध म्हणून विकला जाई. मॅसिडोनियांतील बेरोइआ येथें इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतील व्यायामशाळेचे नियम कोरलेला शिलालेख सांपडला आहे; त्यांत या मळाच्या विक्रीचा मक्ता देण्याचीही तरतूद आहे. पुढें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें असा मळ ८० हजार सेस्टर्सना विकला गेल्याचें लिहून ठेविलें आहे. त्या औषधाचा गुण काय असेल तो असो. अंग साफ करणें हा व्यायामाचाच शेवटचा विधि होता, एवढें यावरून निश्चित दिसतें.

रोमन वैद्यकानें मात्र पुटकुळ्यांकडे तुच्छतेनें पाहिलें. इ. स. च्या पहिल्या शतकांतील सेल्सस म्हणतो कीं, असल्या गोष्टींवर उपचार करणें हा जवळजवळ मूर्खपणाच होय, परंतु स्त्रियांस रूपाच्या काळजीपासून परावृत्त करतां येत नाहीं! इंग्रजींत आज रूढ असलेला 'ॲक्ने' हा शब्द सहाव्या शतकांतील अमिडाच्या एटियस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांतून आला. 'परमोच्च भर' या अर्थाच्या 'आक्मे' या ग्रीक शब्दाचा तो नकलकाराच्या चुकीनें झालेला अपभ्रंश असावा, असा अनेक विद्वानांचा तर्क आहे. म्हणजे भर वयाचा हा विकार, अशी समजूत नांवांतच दडलेली आहे.

आमच्याकडे सुश्रुतानें क्षुद्ररोगांत यांची गणना करून त्यांस 'मुखदूषिका' म्हटलें आहे. तरुणांच्या मुखावर सांवरीच्या कांट्यांसारख्या येणाऱ्या या पुळ्या कफ, वात व रक्त यांच्या दोषानें होतात, असें तो सांगतो. आणि वमनाबरोबर वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सुचवितो. नांव जरी 'क्षुद्ररोग' असलें, तरी रोग्याची त्यानें टवाळी केलेली नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तोच सुश्रुत व्यायामाविषयीं लिहितांना मनुष्यानें आपल्या निम्म्या बळानेंच व्यायाम करावा, त्यानंतर अंग चोळावें, असें सांगून लागलीच उद्वर्तन व स्नान यांचे गुण वर्णितो. दिवाळीच्या पहाटे आपण जें उटणें लावतों तें या उद्वर्तनाचेंच घरगुती रूप होय.

हीच परंपरा तालमींनीं राखली. कोल्हापुरांत छत्रपति शाहूमहाराजांनीं १९१२ सालीं खासबाग मैदान बांधवून कुस्तीस राजाश्रय दिला. परंतु त्यापूर्वींही गांवोगांवच्या तालमींत हौद्याची लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर वगैरे घालून मळीत असत, व आजही मळतात. जोर झाल्यावर पैलवान ती माती अंगास फांसतो, ती घाम शोषून घेते, मग ती निपटून काढून तो आंघोळीस जातो. यांतील प्रत्येक पदार्थ त्वचेस हितकरच होता असें आम्ही म्हणत नाहीं. दाट तेलानें रंध्रें बुजतात, ही गोष्ट आतां त्वचारोगतज्ज्ञांस मान्य आहे, आणि एकाच मातींतून अनेकांच्या अंगाचा संसर्ग पसरतो, हेंही खरें. तथापि घामेजलेल्या अंगानें तालमींतून कोणी परस्पर कचेरींत जात नसे.

यानंतर युरोपांत एक चमत्कारिक समजूत बळावली. स्विस वैद्य टिसो यानें १७६० सालीं एकांतांतील दुर्व्यसनाच्या परिणामांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या परिणामांच्या लांबलचक यादींत तोंडावरील पुळ्याही होत्या. पुस्तकाचा प्रसार अफाट झाला. परिणामीं, पुटकुळी हें चारित्र्याचें प्रमाणपत्र होऊन बसलें. आमच्या घरांतून या समजुतीचे पडसाद अजून ऐकूं येतात. प्रौढ मनुष्य पुटकुळ्यांनीं इतका कां ओशाळतो, याचें अर्धें उत्तर येथें आहे.

या कलंकाचें निरसन विसाव्या शतकांत झालें. १९३५ सालीं वृषणांतील अंतःस्राव, ज्यास टेस्टोस्टेरोन म्हणतात, शुद्ध स्वरूपांत वेगळा काढण्यांत आला व त्याच वर्षीं तो प्रयोगशाळेंत तयारही झाला. १९४१ सालीं अमेरिकेंतील हॅमिल्टन यानें दाखवून दिलें कीं, ज्या पुरुषांत हा स्राव नव्हता त्यांस या पुळ्या येत नव्हत्या, परंतु तोच स्राव बाहेरून दिला असतां त्यांच्यापैकीं कित्येकांस त्या आल्या. त्वचेंतील तैलग्रंथि या स्रावाच्या आज्ञेंत वागतात. तेल वाढलें, रंध्राचें तोंड बुजलें व तेथील जंतूंस फावलें, म्हणजे पुळी उठते. सद्गुण-दुर्गुणांचा येथें कांहीं संबंध नाहीं. स्त्रियांच्या शरीरांतही हा स्राव अल्प प्रमाणांत असतोच.

मग वजनें उचलल्यानें हा स्राव वाढून पुटकुळ्या येतात काय? व्यायामानंतर तो थोडा वेळ किंचित् वाढतो व पुन्हा पूर्ववत् होतो. एवढ्यानें पुळ्या उठतात असें सिद्ध झालेलें नाहीं. खरें भय निराळ्या ठिकाणीं आहे. १९५८ सालीं अमेरिकेंत या स्रावाच्या जातीच्या डायनाबॉल नांवाच्या गोळ्या निघाल्या आणि बलोपासकांत त्यांचा शिरकाव झाला. पाठ, छाती व खांदे यांवर अकस्मात् उठणाऱ्या मोठ्या, दुखऱ्या गांठी ही अशा द्रव्यांची एक ठळक खूण होय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें १९७५ सालीं हीं द्रव्यें निषिद्ध ठरविलीं व १९७६ च्या मॉन्ट्रियल सामन्यांत त्यांची तपासणी केली. 'आम्ही तसलें कांहीं घेत नाहीं,' असें म्हणणारांनींही सावध असावें. २००० व २००१ सालीं तेरा देशांतून विकत घेतलेल्या ६३४ पोषकद्रव्यांची कोलोन येथें तपासणी झाली, तेव्हां ९४ नमुन्यांत डब्यावर न लिहिलेलीं अशीं द्रव्यें आढळलीं. शुद्ध भुकटीही सर्वांस मानवतेच असें नाहीं. दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची भुकटी घेणाऱ्या कांहीं व्यायामपटूंस पुळ्या आल्याचीं उदाहरणें २०१२ सालीं वैद्यकीय मासिकांतून प्रसिद्ध झालीं. उदाहरणें थोडीं आहेत. त्यांवरून सर्वांस नियम लावतां येणार नाहीं. परंतु ज्यांस शंका येईल त्यांनीं ती भुकटी कांहीं आठवडे बंद ठेवून पाहण्यास काय हरकत आहे? डाळी, उसळी, अंडीं, मासे यांत प्रथिनांचा तुटवडा नाहीं.

दुसरें कारण याहूनही साधें आहे. १९७५ सालीं मिल्स व क्लिगमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनीं घर्षण, दाब व कोंडलेली उष्णता यांनीं होणाऱ्या पुळ्यांचें वर्णन केलें. फुटबॉलच्या खेळाडूंस शिरस्त्राणाच्या पट्ट्याखालीं व खांद्यांवरील गाद्यांखालीं त्या येत. वजनें उचलणारास पाठीखालचें बाक, खांद्यांवर टेकलेला लोखंडी दांडा, कमरेचा पट्टा आणि घामानें चिकटलेला कृत्रिम धाग्याचा सदरा हे सर्व तेंच करितात. आजच्या व्यायामशाळेनें तालमींतून बळ घेतलें, परंतु खरडणी, उटणें व आंघोळ दाराबाहेर ठेविली. मोटारींत बसून, ओल्या सदऱ्यानिशीं, तासाभरानें घरीं पोंचणारा मनुष्य हा या इतिहासांतील खरोखर नवा प्राणी आहे.

तेव्हां जुन्यांतील सार घ्यावें व जाच सोडावा, असें आम्हांस वाटतें. व्यायाम संपतांच स्नान करावें. तें न साधेल तर निदान अंग पुसून कोरडे सैल कपडे घालावे. बाकावर आपला स्वच्छ पंचा अंथरावा. अंगास दाट तेल चोपडूं नये. मात्र पट्टीनें खरडण्याचें अनुकरण नको. घासून काढल्यानें पुळ्या चिघळतात. बेंझॉइल पेरॉक्साइड व अ जीवनसत्त्वापासून केलेलीं मलमें गुणकारी आहेत, पण गुण दिसण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि अ जीवनसत्त्वापासून केलेलीं औषधें गर्भवतीनें मुळींच घेऊं नयेत. एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या फार खाजत असतील तर त्या बुरशीच्या असूं शकतात. आमच्या दमट समुद्रकांठीं हें विशेष आढळतें, आणि त्यांचें औषध निराळें असतें. पाळी अनियमित असून पुळ्या येत असतील, किंवा मोठ्या गांठी होऊन वण पडत असतील, तर त्वचातज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. चाळिसाव्या वर्षीं मोठ्या निर्धारानें सुरू केलेला व्यायाम ही घरास मिळालेली ठेव आहे. हाडें व स्नायु यांचें बळ पुढील तीस वर्षें लागावयाचें आहे. सून किंवा मुलगा व्यायामाहून परत आला म्हणजे त्याच्या गालाकडे बोट दाखवूं नये. न्हाणीघर मोकळें ठेवावें व कोरडा पंचा हातीं द्यावा.