१४ किलो

बाजाराच्या दिवशी पतसंस्थेतून सुटलो की मी सरळ घरी येत नाही. भाजीची पिशवी भरून झाली की पाय आपोआप रद्दीच्या दुकानाकडे वळतात. सोबत आमची साडेचार वर्षांची कन्या असते. तिला दुकानातला मोठा लोखंडी तराजू आवडतो आणि मला त्याच्या शेजारचा ढीग. दुकानदार आता ओळखीचा झाला आहे. मी दिसलो की तो एक पत्र्याचा डबा उलटा करून ठेवतो. त्यावर बसायचं आणि ढीग उपसायचा. अर्ध्या तासात माझा आठवड्याचा शीण निघून जातो.

माझ्या पगारात नवीन पुस्तकं महिन्याला एखादंच जमतं, तेही शाळेची फी भरायची नसेल त्या महिन्यात. म्हणून हा छंद. इथे पुस्तक किलोवर मिळतं. आतापर्यंतची कमाई सांगू? 'किशोर'चे जुने अंक (हे मासिक बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलं, आणि जुने अंक आता इंटरनेटवर फुकट ठेवलेत, पण मांडीवर पोर आणि हातात अंक याची सर मोबाइलला नाही), पहिली चार पानं नसलेली 'श्यामची आई', 'क'पासून सुरू होणारा एक शब्दकोश आणि एक पितळी दौत. दौत रद्दीत कशी आली कोण जाणे. बायको म्हणते, "अहो, हे घर आहे की गोडाऊन?" प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याकडे नाही.

पण आज सांगायचं आहे ते मिळालेल्या वस्तूंबद्दल नाही. आज कबुली द्यायची आहे.

माझ्या लग्नाच्या वर्षी आम्ही जुनं घर पाडून नवीन बांधलं. माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. आजोबांचं किराणा दुकान होतं, त्यांच्याही वडिलांचं तेच. पेटीत लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपड्या होत्या, सगळ्या मोडीत लिहिलेल्या. घरात कोणालाच मोडी येत नव्हती. वडील म्हणाले, "वाळवी लागण्याआधी काढून टाक." मी त्या सायकलच्या कॅरिअरला बांधल्या आणि याच दुकानात आणून दिल्या. वजन भरलं १४ किलो. आलेल्या पैशांतून खिळे आणि बांधकामाची सुतळी घेतली. घरी आलो आणि विसरलो.

आठवलं ते दोन-तीन वर्षांनी, राजवाड्यांबद्दल वाचताना.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव आपल्या धुळ्याशी कायमचं जोडलेलं आहे. डेक्कन कॉलेजातून शिकलेला हा माणूस शाळेतली नोकरी सोडून जुने कागद शोधत पायी हिंडू लागला. वाईला एरंडे यांच्या घरचं दप्तर त्यांना मिळालं. त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-बारा वर्षांतली पत्रं होती. त्यावरून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे असे २२ खंड झाले. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे बखरी आणि इंग्रजांनी लिहिलेली पुस्तकं. राजवाड्यांनी सांगितलं की अस्सल कागद आधी बघा, मग बोला. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. शेवटच्या दिवसांत ते धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले. त्यांनी जमवलेले कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून १९२७ च्या जानेवारीत धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचा 'मराठी धातुकोश' त्यांच्यामागे याच मंडळाने १९३७ मध्ये छापला.

हे वाचताना मला सायकलच्या कॅरिअरवरचं ते ओझं दिसू लागलं. आमच्या पेटीत पानिपत नव्हतं, हे मलाही कळतं. पण काय होतं, हे तरी कुठे कळलं?

मग मी शोधू लागलो की एवढे कागद रद्दीत जातात कसे. लोक काही मूर्ख नव्हते. उत्तर साधं आहे. आपल्याकडे घरात कागद जपला जायचा तो इतिहास म्हणून नाही, तर पुरावा म्हणून. इनाम आमचं, वतन आमचं, शेताची हद्द अमुक बांधापर्यंत, अमक्याकडून येणं इतकं. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची चौकशी करायचे अधिकार दिले, तेव्हा ज्याच्याकडे कागद त्याची जमीन राहण्याची आशा. मग घराघरांत दप्तरं रुमालात बांधून देवघराशेजारी ठेवली गेली. परक्याने 'कागद दाखवा' म्हटलं की घरचा माणूस दचकायचा. राजवाड्यांना दारोदार जो नकार मिळाला, त्याच्यामागे ही भीतीही होती.

स्वातंत्र्यानंतर उलटं झालं. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. ज्या हक्कासाठी कागद जपला तो हक्कच संपला. त्याच सुमारास शाळांतून मोडीही गेली. म्हणजे एकाच पिढीत कागदाचा उपयोग संपला आणि तो वाचता येणंही संपलं. दुकानदाराच्या चोपडीचं तर त्याहून सोपं. उधारी फिटली किंवा बुडाली की चोपडी मेली. मग उरतं ते फक्त वजन.

राजवाड्यांचं वाचताना एक गोष्ट मात्र मला टोचायची. त्यांची बायको तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. हाताने स्वयंपाक करायचे आणि वाटेल तेव्हा वाटेल त्या गावी जायचे. मला संध्याकाळी सातला घरी पोचायचं असतं, कारण साडेसातला कन्या जेवते आणि तिला गोष्ट लागते. राजवाडे होणं आपल्याला जमणारं नाही, मग हा सगळा उद्योग कशाला, असं वाटायचं.

त्यावर उतारा सापडला तोही धुळ्यातच. शंकर श्रीकृष्ण देव, नानासाहेब देव म्हणून धुळ्यात ओळखले जाणारे, पेशाने वकील होते. १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा सुरू झाली, ती त्यांच्या पुढाकाराने. कोर्टाचं काम सांभाळून त्यांनी ठिकठिकाणच्या रामदासी मठांतली बाडं गोळा केली. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानली जाणारी दासबोधाची डोमगावची प्रत त्यांनी १९०५ मध्ये छापून काढली. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. म्हणजे नोकरीधंदा करूनही हे होतं. पूर्ण आयुष्य नाही, पण उरलेला वेळ तरी देता येतो.

आणि कधीकधी तर उरलेला वेळही लागत नाही, फक्त लिहून घेणारा माणूस हजर असावा लागतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारीपासून अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ते सगळं उतरवून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे. गुरुजी त्या वेळी दुसऱ्या तुरुंगात असते तर? बोललेलं त्याच भिंतींत राहिलं असतं.

आता आमच्या गावाचं ऐका. १८८० साली निघालेलं खानदेशचं गॅझेटियर आहे, इंग्रजी. मोबाइलवर वाचता येतं. त्यात आज आपण ज्याला साक्री तालुका म्हणतो त्याचं नाव पिंपळनेर आहे. हे वाचून छाती थोडी फुगलीच! पण खरी गंमत पुढे होती. आमच्या डोंगरांवर रोशा नावाचं गवत येतं. पावसाळ्यानंतर ते फुलावर आलं की कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावून मोठ्या भांड्यात उकळायचं, वाफ नळीतून थंड पाण्यात नेऊन गार करायची, आणि वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. त्याला रोशेल म्हणत. कोवळ्या फुलोऱ्याचं ते 'मोतिया', त्याला भाव जास्त. पिकलेल्या लालसर गवताचं ते 'सोफिया'. गॅझेटियर सांगतं की या धंद्याचं मूळ ठिकाण पिंपळनेर. हे तेल मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढे तुर्कस्तानात. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत, म्हणजे भेसळ करत. म्हणून युरोपात या आपल्या तेलाला तुर्की तेल म्हणत. पामरोसा म्हणून आज महाग विकलं जातं ते याच गवताचं तेल.

पांझरेच्या काठावरचं आमचं गाव आणि इस्तंबूलचं अत्तर! मी जन्मापासून इथला, पण हे मला घरी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गोऱ्या साहेबाच्या पुस्तकाने. त्यात तेल किती आणि कुठे गेलं, हे आहे. भट्टीवर कोण बसायचं, त्याला गावातल्या दुकानातून काय उधार लागायचं, तेल विकलं की उधारी फिटायची की नाही, हे साहेबाने लिहिलं नाही. त्याचं ते कामही नव्हतं. ते लिहिण्याचं काम गावातल्या दुकानदाराचं.

कळलं ना मी कुठे येतोय?

पणजोबांचं दुकान गावातच होतं. त्या लाल चोपड्यांत रोशेलाचा एखादा हिशेब होता का? असेलही, नसेलही. आता कळायला मार्ग नाही. त्यांच्या पुड्या बांधून झाल्या असतील किंवा लगदा होऊन त्यांचा पुठ्ठा झाला असेल.

तेव्हापासून मी मोडी शिकतो आहे. एक जुनी पुस्तिका आहे (तीही रद्दीतलीच), आणि ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडे रविवारी जातो. अक्षरं ओळखता येतात, पण ओळ सलग वाचायला अजून धाप लागते. शब्द तोडत नाहीत, सगळं एकाला एक चिकटलेलं.

गेल्या महिन्यात डब्यावर बसलो होतो तेव्हा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सुतळीने बांधलेली एक वही दिसली. मोडी! छातीत धस्स झालं. आमच्या चोपड्यांची बांधणी लाल होती, ही काळपट. आमची नव्हे. कुठल्या गावच्या, कुठल्या घरातून आली, ते दुकानदारालाही सांगता येईना. तराजूत टाकली तर पाऊण किलो. मी नोट पुढे केली तर तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, एवढ्याचं काय घेऊ?"

गुरुजींनी आणि मी मिळून तीन रविवार ती वाचली. शके १८४३, म्हणजे १९२१-२२. कुणाचा तरी घरखर्च. गूळ, मीठ, घासलेट, बैलाला सरकी, न्हाव्याला ज्वारी. राजकारण नाही, लढाई नाही, रोशेल तर नाहीच. मी जरा हिरमुसलो, हे खरं. मग एका पानावर गुरुजींचं बोट थांबलं. 'मुलीस बांगड्या', दोन आणे. त्याच्या पुढच्या ओळीत 'पोथी जुनी', सहा आणे, आणि त्याखाली, वेगळ्या शाईने, 'घरात सांगितले नाही'.

मी मोठ्याने हसलो. गुरुजीही हसले. शंभर वर्षांपूर्वीचा तो कोणी बाप, बाजारात पोरीला बांगड्या घेतो, स्वतःसाठी जुनी पोथी घेतो आणि घरी लपवतो. नाव कळत नाही, गाव कळत नाही. पण माणूस मला चांगलाच ओळखीचा वाटला.

घरी येऊन बायकोला ते पान दाखवलं. तिने शेवटची ओळ ऐकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि तुम्ही मागच्या आठवड्यात काय काय आणलंत?" मग तिनेच एक जुनी सुती साडी काढून दिली, वही गुंडाळायला.

ही वही मी घरी ठेवणार नाही. पुढच्या सुट्टीत एसटीने धुळ्याला जाऊन राजवाडे मंडळात विचारणार आहे, ठेवून घ्याल का म्हणून. आमच्या घरात माळा आहे, पावसाळा आहे, आणि उद्या माझ्या कन्येला मोडी येईलच असं नाही. तिच्या लग्नाच्या वर्षी कोणी म्हणेल, वाळवी लागण्याआधी काढून टाक.

काल आजीच्या मांडीवरून उठून ती माझ्याकडे आली. सुती साडीच्या घडीतून वहीचा कोपरा दिसत होता. आजीकडून उचललेल्या अहिराणीत विचारते, "पप्पा, हाई काय शे?"

म्हटलं, एका पप्पांचा हिशेब आहे. त्यांनी त्यांच्या मुलीला बांगड्या घेतल्या होत्या.

तिने लगेच विचारलं, कोणत्या रंगाच्या?

ते मात्र त्यांनी लिहिलेलं नाही. असो. वही जाण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढायचा आहे, आणि सव्वासात वाजलेत.