अक्षरलोप, संगणकीय मराठी मजकुरातील

संगणकावरील मजकूर एका कार्यक्रमातून उचलून दुसऱ्यात डकविला असता त्यातील काही अक्षरे गळणे, बदलणे किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे व रिकामे चौकोन उमटणे. देवनागरी लिपीतील सर्वच भाषांना हा दोष जाणवला. मराठीस त्याची झळ विशेषतः ‘ऱ’ या वर्णाच्या बाबतीत लागली.

संगणक अक्षराची आकृती साठवीत नाही, तर अक्षरास नेमून दिलेला क्रमांक साठवितो. आकृती पुरविण्याचे काम फाँट करतो. छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या पडेगावचे नाव वाचकास चार अक्षरांचे दिसते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र त्याचे सहा क्रमांक होतात : प, ड, एकाराची मात्रा, ग, काना व व. पाठविणारा आणि स्वीकारणारा कार्यक्रम या क्रमांकांचा एकच अर्थ लावीत असतील, तोवरच नाव शाबूत राहते.

शिशाच्या खिळ्यांनी जुळणी होत असे तेव्हा असा लोप लपून राहत नसे. एखादा खिळा केसमध्ये नसला, तर ती उणीव जुळाऱ्याच्या हातालाच कळे. संगणकावर ती उणीव निर्माण झाल्याचे कित्येकदा कोणासच कळत नाही.

१९८० नंतरच्या दोन दशकांत मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली, ती मुख्यतः रोमन लिपीसाठी आखलेल्या २५६ घरांच्या कोष्टकात देवनागरीचे तुकडे बसवून. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रत्येक प्रणालीची मांडणी निराळी होती. मजकूर दुसरीकडे डकविताना फाँटचे नाव सुटले की, मराठी परिच्छेदाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसू लागत. १२८ च्या पुढील क्रमांकांचा अर्थ विंडोज व मॅकिंटॉश या प्रणालींत वेगळा असल्याने तेथे बसविलेल्या मात्रा व जोडाक्षरे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना बदलत. छपाईपुरती ही पद्धत पुरेशी होती, कारण कागद एकदा निघाला की काम संपे. मजकूर शोधणे, साठविणे किंवा इतरांस पाठविणे हे तिच्या आवाक्यातले नव्हते.

एकवाक्यतेचा प्रयत्न शासकीय पातळीवर झाला होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे मानक प्रसिद्ध केले. इस्की या नावाने ते ओळखले जाते. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना त्यात एकच उच्चारानुसारी कोष्टक दिले आहे. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीचा वर्णक्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतला. सर्वसामान्य मराठी लेखकाच्या हाती युनिकोड आले ते पुढे, विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची सोय झाल्यावर.

मराठीत य व ह या वर्णांपूर्वी अर्ध्या र चे आडवे, पापणीसारखे रूप येते. ते केवळ लेखनातील वळण नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, तर ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. पहिल्या प्रकारात रफारापूर्वीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ हे शब्द, तसेच शेतकरी, अधिकारी, कर्मचारी यांची सर्व सामान्यरूपे या चिन्हावाचून लिहिता येत नाहीत. हिंदीत याची गरज पडत नाही, आणि युनिकोडच्या आरंभीच्या काळात या चिन्हाची जी आबाळ झाली तिचे एक कारण हेच असावे.

युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे रूप र (२३५२), हलन्त (२३८१) आणि शून्य रुंदीचा जोडक (८२०५) अशा तीन क्रमांकांनी साधले जाई. जोडक हे अदृश्य चिन्ह आहे. पुढील आवृत्तींत इस्कीस अनुसरून ऱ (२३५३) व हलन्त ही जोडी मान्य झाली, पण जुनी रीतही सुसंगतीसाठी राहिली. परिणामी एकच शब्द दोन प्रकारे साठविला जाऊ लागला. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. साधा शोध मात्र एकाने लिहिलेले दुसऱ्याने शोधू शकत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्टसह ऱ मिळतो, तर काही उच्चारानुसारी टंकनसाधने जोडकाचा वापर करीत आली.

खरी हानी डकविताना होते. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काही कार्यक्रम ती गाळून टाकतात. जोडक गेला की र व हलन्त उरतात आणि नियमानुसार त्यांचा रफार होतो. पडेगावच्या शेतकऱ्यांची यादी अशा रीतीने हलविली, तर गावाचे नाव जसेच्या तसे राहील, ‘शेतकऱ्यांची’ मात्र ‘शेतकर्यांची’ होईल. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही; त्यामुळे चूक यंत्राची असूनही दोष लिहिणाऱ्याच्या माथी येतो.

‘ॲ’ ची कथा थोडी वेगळी आहे. मराठी वळणाच्या या स्वरास स्वतंत्र क्रमांक (२४१८) मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. जुन्या फाँटांत तो नसल्याने तेथे रिकामा चौकोन दिसे. मराठी वळणाचे ल व श यांना तर वेगळे क्रमांकच नाहीत. फाँट बदलला की ते हिंदी वळणाचे दिसतात, परंतु हा लोप आकृतीचा आहे, अक्षराचा नव्हे.

जोडकाची जुनी रूपे २३५३ या क्रमांकात बदलणे हे यंत्राचे सोपे काम आहे. जोडक आधीच गळलेला असेल तेथे ‘वर्हाड’, ‘शेतकर्यांची’ असे शब्द कोशाच्या आधारे हुडकून सुधारता येतात, कारण ती रूपे मराठीत नाहीत. ‘दर्या’ व ‘आचार्यास’ हे शब्द मात्र स्वतः शुद्ध असल्याने मूळचा कोणता व बिघडलेला कोणता, हे संदर्भ वाचणाऱ्या मुद्रितशोधकालाच ठरवावे लागते.