कोळशाच्या साठ्याचे मापन (वणी परिसर)

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. पूर्वेकडे वणी तालुक्यात मात्र त्याच्याखालचे गोंडवन खडक वर आले आहेत. त्यांतील बराकर शैलसमूहात, म्हणजे पर्मियन कालखंडाच्या आरंभी साचलेल्या वालुकाश्म-शेलच्या थरांत, दगडी कोळसा सापडतो. वर्धा खोरे कोळसाक्षेत्राचा हा पश्चिमेकडचा भाग. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, घोन्सा, जुनाड या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी याच पट्ट्यात आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा या क्षेत्रावरील वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा जिल्हा त्या वेळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले.

साठा काढण्याचे सूत्र शाळकरी वाटावे इतके सोपे आहे : क्षेत्रफळ × थराची जाडी × घनता. यांतली प्रत्येक संख्या कोणी, कुठून आणि काय वगळून मोजली, यावर उत्तर अवलंबून असते.

मापनाची सुरुवात वेधनापासून (बोअर) होते. प्राथमिक शोधात वेधनछिद्रे साधारण १ ते २ किमी अंतरावर घेतात, तर सविस्तर शोधात ती ४०० मीटरपेक्षा जवळ आणतात. छिद्रे जितकी दाट, तितका साठा ‘अनुमानित’कडून ‘निर्देशित’ आणि पुढे ‘सिद्ध’ या वर्गाकडे सरकतो. दोन छिद्रांमधला कोळसा कोणी पाहिलेला नसतो. तो तिथे असावा असे मानले जाते आणि मधे एखादा प्रस्तरभंग निघाला की हिशेब बदलतो. पश्चिमेला कोळशावर बेसॉल्टचे आच्छादन असल्याने आधी तो कठीण खडक भेदावा लागतो. त्यामुळे तिथे छिद्र महाग पडते.

छिद्रातून खडकाचा दंडगोल, म्हणजे गाभा (कोअर), वर काढतात. कोळसा ठिसूळ असल्याने त्याचा काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून दुहेरी नळीचे उपकरण वापरतात आणि किती टक्के गाभा हाती लागला याची नोंद ठेवतात. राहिलेली त्रुटी भूभौतिकीय आलेखन भरून काढते. केबलला बांधलेले शोधक उपकरण छिद्रात सोडले की कोळशासमोर गॅमा किरणांची नोंद खाली येते, घनता घटते आणि विद्युत्‌रोध वाढतो. ही पद्धत खनिज तेलाच्या क्षेत्रातून आली. श्लुंबर्जे बंधूंच्या तंत्राने विद्युत्‌रोधाचा पहिला आलेख १९२७ मध्ये अल्सासमधील पेशेलब्रॉनच्या तेलविहिरीत घेतला गेला.

खोली कुठून मोजली हे लिहिलेच पाहिजे. तेलविहिरीत ती बहुधा वेधनमंचापासून मोजतात, कोळशाच्या छिद्रात जमिनीवरच्या तोंडापासून. मग त्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची जोडून सर्व छिद्रे एका पातळीवर आणतात. रुग्णाच्या नाकातून जठरात नळी घालतानाही नाकाचे टोक, कानाची पाळी आणि उरोस्थीचे खालचे टोक असे अंतर बाहेरूनच मापून नळीवर खूण करतात, आणि नळी योग्य जागी पोचली का हे क्ष-किरणचित्राने किंवा आत आलेल्या स्रावाची आम्लता पाहून ठरवतात. केवळ बाहेरून मोजलेल्या लांबीवर विसंबत नाहीत. छिद्रातही केबलची लांबी आणि गाभ्यावरची नोंद एकमेकींशी ताडून पाहतात.

जाडी मोजताना नवशिक्याचा घोळ उताराशी होतो. सरळ छिद्रात मिळते ती उभी जाडी. खरी जाडी काढायला तिला नतिकोनाच्या कोज्येने गुणावे लागते. पण क्षेत्रफळ नकाशावरून, म्हणजे आडव्या पातळीवर मोजले असेल, तर उभी जाडीच घ्यायची. १ चौ. किमी क्षेत्र, १५ मी. उभी जाडी आणि १.५ घनता धरली, तर २.२५ कोटी टन येतात. थर ६ अंशांनी कललेला असून कोणी खरी जाडी नकाशाच्या क्षेत्रफळाशी जोडली, तर सुमारे सव्वा लाख टन कोळसा कागदावरून नाहीसा होतो. घनता १.५ ऐवजी १.४ धरली, तर मात्र १५ लाख टन जातात. उताराची चर्चा फार होते, घनतेची कमी; खरे तर राख वाढते तशी घनताही वाढते आणि प्रत्येक थरासाठी ती वेगळी तपासायला हवी. थरातले शेलचे जाड पट्टे जाडीतून वजा करतात. शेवटी अनपेक्षित भूवैज्ञानिक अडचणींपोटी साधारण १० टक्के कापण्याचा प्रघात आहे. त्यानंतरही उरलेला सगळा कोळसा बाहेर निघेल असे नाही. खुल्या खाणीत एक टन कोळशासाठी किती घनमीटर आच्छादन (खाणीच्या भाषेत ‘ओबी’) हलवावे लागेल, हे गुणोत्तर खाणीची सीमा ठरवते.

प्रत ठरवायला ओलावा, राख आणि बाष्पनशील द्रव्य मोजतात. राखेसाठी नमुना ८१५° से. तापमानाला जाळतात. पूर्वी उपयुक्त उष्णतामूल्य ८९०० − १३८ × (राख + ओलावा) या सूत्राने काढून ‘ए’ ते ‘जी’ अशी प्रत देत. राख २५ टक्के आणि ओलावा ८ टक्के असला, की ४,३४६ किलोकॅलरी, म्हणजे ‘डी’ प्रत. जानेवारी २०१२ पासून बाँब कॅलरीमापीत प्रत्यक्ष मोजलेल्या स्थूल उष्णतामूल्यावर ‘जी-१’ ते ‘जी-१७’ असे वर्ग आले. ‘जी-१’ ७,००० किलोकॅलरीच्या वर, आणि पुढचा प्रत्येक वर्ग ३०० किलोकॅलरींचा. जवळच्या वर्गांत भाव बदलत असल्याने नमुना कुठून आणि कोणासमोर घेतला, हा खरेदीदार आणि खाण यांच्यातला जुना वाद आहे.

तेलाच्या साठ्याचे सूत्र यापुढे जाते, कारण तेल खडकाच्या छिद्रांत असते : क्षेत्रफळ × जाडी × सच्छिद्रता × (१ − जलसंपृक्तता), आणि भागिले तेलाचा आकारमान-गुणांक. कोळशात खडक हाच माल असल्याने सच्छिद्रतेचा प्रश्न येत नाही. तो येतो कोळशातला मिथेन मोजताना, आणि तिथेही वायू मुख्यतः पृष्ठभागाला चिकटून असल्याने तेलाचे सूत्र चालत नाही. त्यासाठी ताजा गाभा हवाबंद डब्यात ठेवून सुटणारा वायू मोजतात आणि गाभा वर येईपर्यंत निसटलेला वायू आलेखावरून मागे मोजून त्यात मिळवतात.